दुर्लक्ष करायचे चेहरे

१

फोटोग्राफर मंडळी त्याला मेनूवाला म्हणायची, आणि हे नाव त्याला मनापासून आवडायचं.

नवा कॅमेरा घेतला की माणूस दोन दिवस हवेत असतो. मग कधीतरी मेनू उघडतो आणि हबकतो. पानंच्या पानं! हवं ते पाताळात, नको ते बोटाखाली. असे हबकलेले लोक कॅमेरा गळ्यात घालून याच्याकडे यायचे. हा कॅमेऱ्याच्या पोटातला प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, बाहेर काढायचा, त्याची चिरफाड करायचा, ज्याला जेवढं लागतं तेवढंच ठेवायचा आणि पुन्हा आत भरायचा. पक्ष्यांच्या मागे धावणाऱ्याला अंगठ्याखाली एक बटण, दागिन्यांचे फोटो काढणाऱ्याला भलतंच. कंपनीने ज्या गोष्टी दिल्याच नव्हत्या त्याही तो बसवून द्यायचा.

"जे वापरत नाही ते दिसायलाच नको," असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा. "दिसलं नाही म्हणजे नाहीच. विषय संपला."

त्याची खोली बायकोच्या स्टुडिओला लागून होती, मधे एक काच. काचेपलीकडे तिचं राज्य होतं. एक स्टूल, स्टुलामागे राखाडी कापडाचा पडदा, दोन दिवे, एक उंच खिडकी. बाहेरच्या काउंटरवर तिची धाकटी बहीण बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याची टिंगल करायची. तिघांचं बरं चाललं होतं.

मग बायकोचे डोळे गेले. पूर्ण नाही. कडेचं सगळं दिसायचं, पण जिथे बघावं तिथेच मधोमध धुरकट डाग. ती चालायची, चहा ओतायची, दिवे लावायची. समोरच्याचा चेहरा मात्र पुसलेल्या पाटीसारखा. डॉक्टर म्हणाले, हे काही मागे फिरणार नाही. जाता जाता असंही म्हणाले की डोळा जिथे काही पाठवत नाही तिथे मेंदू मनचं भरतो, तेव्हा नसलेली माणसं दिसली तर घाबरू नका.

आयुष्यभर माणसांचे चेहरे टिपलेली बाई ती. घरी आल्यावर म्हणाली, "स्टुडिओ बंद करूया." धाकटी रडायला लागली.

"बंद? का, मी मेलोय का?" मेनूवाला म्हणाला, आणि खोलीत जाऊन कामाला बसला.

२

त्याने तिच्या कॅमेऱ्याला बोलतं केलं.

चेहरा शोधून त्याच्याभोवती चौकट दाखवणं तर हल्ली कुठलाही कॅमेरा करतो. पण चौकट दिसणार कुणाला? म्हणून त्याने ती ऐकू येईल अशी सोय केली. कॅमेरा रोखून मधल्या बोटाखालचं बटण दाबलं की तो सांगायचा: किती चेहरे, कुठे, किती अंतरावर. शब्द मोजकेच. आकडे, डावीकडे, उजवीकडे, मधे, जवळ, लांब, आणि समोर रिकामं असेल तर "कोणी नाही". आवाज त्याने स्वतःचाच घातला. कपड्यांच्या कपाटात शिरून, दार ओढून घेऊन, एकेक शब्द म्हटला, कारण कपड्यांत आवाज घुमत नाही.

"ताई, भावोजी कपाटात बसून 'जवळ, जवळ' करतायत," धाकटी ओरडली. "आत कोण आहे ते बघ आधी!"

बायको पोट धरून हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

पहिल्या दिवशी तिने धाकटीलाच स्टुलावर बसवलं. "एक. मधे. लांब," कॅमेरा म्हणाला. ती दोन पावलं पुढे सरकली. "एक. मधे. जवळ." तिने बटण दाबलं. फोटो असा उतरला की धाकटी म्हणाली, मी एवढी चांगली दिसते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. बायकोने कॅमेरा छातीशी धरला आणि तशीच उभी राहिली. मेनूवाला असल्या प्रसंगी बढाया मारणारा माणूस होता.

"आता एक लक्षात ठेव," तो म्हणाला. "लोक थापा मारतील. वेळ पडली तर मीसुद्धा मारेन. हा मारणार नाही. शंका आली की कॅमेरा रोखायचा, आणि हा म्हणेल ते खरं."

ती तसंच करू लागली. दाराशी कोण आलं, धाकटी जागेवर आहे का, नवरा काचेपलीकडे आहे का, सगळं कॅमेऱ्याला विचारायची. पुन्हा गिऱ्हाइकं यायला लागली.

३

एक दिवस कोपऱ्यावरचा बेकरीवाला आला. त्याला परवान्यासाठी फोटो हवा होता. बसला, गळ्याचं बटण लावलं, पोट आत घेतलं.

"दोन," कॅमेरा म्हणाला. "मधे. डावीकडे. लांब."

"तुमच्याबरोबर कोण आहेत, त्यांनी जरा बाजूला व्हा," बायको म्हणाली.

बेकरीवाल्याने मान वळवून पाहिलं. "बाई, मी एकटाच आलोय."

काचेपलीकडून मेनूवाल्याने पाहिलं. स्टुलाच्या डावीकडे पडदा आणि भिंत यांचा कोपरा होता. तिथे काहीच नव्हतं, साधी खुर्चीसुद्धा नाही.

"पडद्याला चुणी पडलीय," तो आतूनच ओरडला. "कापडाच्या चुणीत याला नाकडोळे दिसतात. होतं असं. काढ तू फोटो."

फोटोत बेकरीवाला होता आणि कोपरा होता. मेनूवाल्याने पडद्याला इस्त्री केली. दुसऱ्या गिऱ्हाइकाला कॅमेरा पुन्हा "दोन" म्हणाला. त्याने पडदाच बदलला. तिसऱ्यालाही "दोन". मग मात्र तो चिडला, कारण आपल्या हातची वस्तू आपल्यासमोर खोटं बोलते हे त्याला सहन होण्यासारखं नव्हतं.

४

त्याने जे जे करता येतं ते सगळं केलं. लेन्स बदलली, दिवे बदलले, खिडकी झाकली. चेहरा ओळखण्याची अट इतकी कडक केली की धाकटीने नाकावर हात ठेवला तर तीसुद्धा ओळखू येईना. कोपऱ्यातला मात्र ओळखला जायचा.

एकदा दुपारी दोघी जेवायला घरात गेल्या असताना त्याने कॅमेरा तिपाईवर लावला आणि स्क्रीनकडे बघत बसला. कोपऱ्यातल्या रिकाम्या पडद्यावर पांढरी चौकट उभी होती. उभ्या माणसाचं तोंड असावं तेवढ्या उंचीवर. त्याने डोळे बारीक केले. चौकट स्थिर नव्हती. किंचित वर जायची, किंचित खाली यायची. छाती भरते आणि रिकामी होते, तेव्हा डोकं हलतं तेवढीच. तो कोपऱ्यात जाऊन उभा राहिला, हात फिरवला. हाताला गार कापड लागलं. परत येऊन स्क्रीन पाहिली तर चौकट जागची हलून खिडकीच्या बाजूला सरकली होती, जणू कुणी त्याला वाट दिली होती.

"वाऱ्याने पडदा हलतो," तो मोठ्याने म्हणाला. खिडकी बंद होती हे त्याला माहीत होतं. पण दाराखाली फट असते.

त्याने बायकोला हे सांगितलं नाही. विषय तिनेच काढला, कप विसळता विसळता.

"कॅमेऱ्याचं बिघडलेलं नाही हो," ती म्हणाली. "तिथे असतं कोणीतरी. मला दिसतं."

"डॉक्टरांनी सांगितलंय ना, नसलेली माणसं—"

"ती मधल्या डागात दिसणार होती. हे मला कडेने दिसतं. कडेचे डोळे माझे चांगले आहेत." तिने कप पालथा घातला. "तुमच्याएवढंच उंच आहे. काही करत नाही. मी नुसती वळसा घालून जाते."

त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि आला याचाच त्याला राग आला. "चूक आहे ती. काढून टाकतो."

"काढायला जाऊ नका," ती म्हणाली. "कुठे आहे ते कळतंय ना, तेवढं पुरे आहे मला."

५

पुरे असेलही तिला. पण शनिवारी मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका येणार होत्या. शाळेचं वर्षभराचं काम होतं, वर्गावर्गाचे आणि मुलामुलाचे फोटो. ते मिळालं तर स्टुडिओ चालणार होता, नाही मिळालं तर कुलूप, हे तिघांनाही ठाऊक होतं. मुख्याध्यापिकांच्या कानावर डोळ्यांची गोष्ट गेली होती. "मी स्वतः बघेन आणि ठरवेन," असं त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. त्यांच्यासमोर कॅमेऱ्याने नसलेलं माणूस मोजलं की संपलंच.

त्यात गुरुवारी एक म्हातारं जोडपं आलं, आणि कॅमेरा म्हणाला, "तीन. मधे. मधे. डावीकडे. जवळ."

इतके दिवस ते "लांब" होतं. बायकोने अंग चोरलं आणि उजवीकडे सरकून फोटो काढला. धाकटीच्या तोंडावरची थट्टा पार पळाली होती. "भावोजी, काहीतरी करा," ती हळूच म्हणाली.

त्याने केलं. डोकं लढवायला बसला की तो वाघच होता. त्या कॅमेऱ्यात ओळखीचे चेहरे साठवायची सोय मुळातच होती. घरच्या माणसाचा चेहरा एकदा दाखवून ठेवला की गर्दीत कॅमेरा आधी त्यालाच शोधतो. त्याने ती सोय उलटी फिरवली. जो चेहरा दाखवाल तो कॅमेऱ्याने मोजायचाच नाही. मेनूत नवी ओळ आली: दुर्लक्ष करायचे चेहरे. त्याने ती सगळ्यात शेवटच्या पानावर लपवून ठेवली.

आता चेहरा दाखवायचा होता. दोघी बाजारात गेल्या तेव्हा त्याने कॅमेरा कोपऱ्याकडे रोखला. चौकट आली. स्क्रीनवर नेहमीची सूचना होती: समोर पाहा. टिक् झालं. मग: डावीकडे मान वळवा.

तो हसला. कापड कुठली मान वळवणार? इथेच अडणार, म्हणून तो दुसरी युक्ती शोधू लागला, तेवढ्यात चौकट सावकाश अरुंद झाली. टिक्. उजवीकडे मान वळवा. पुन्हा सावकाश. टिक्.

चेहरा साठवला, असं स्क्रीनने सांगितलं.

तीन छोटी राखाडी चित्रं दिसत होती. दोन नुसतीच राखाडी. तिसऱ्यात कडेला काहीतरी फिकट होतं, कानाच्या पाळीसारखं. मोठं करून बघायला त्याने बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. बघायची गरज नव्हती. काम झालं होतं.

संध्याकाळी बायकोने कॅमेरा कोपऱ्याकडे रोखला. "कोणी नाही."

तिने कॅमेरा खाली घेतला. "घालवलंत, की याला गप्प केलंत?"

"दोन्ही एकच."

"एक कसं हो असेल?" तिने कोपऱ्याला पाठ दिली आणि मान जराशी कलती केली, कडेने बघायची तिची सवय होती तशी. "आता मला कडेलाही धड दिसत नाहीये. कुठे गेलं ते कळत नाही."

"गेलं म्हणजे गेलं," तो म्हणाला. त्या दिवशी त्याला छान भूक लागली.

६

शनिवारी मुख्याध्यापिका आल्या त्या आठ-दहा शिक्षकांना घेऊनच. करड्या केसांची, कमी बोलणारी बाई. त्यांनी शिक्षकांना वेडंवाकडं उभं केलं, दोघांना मुद्दाम मागे अर्धवट लपवलं, एकाला खाली बसवलं आणि म्हणाल्या, "काढा."

बायकोने कॅमेरा उचलला. घरातल्या स्वेटरवरच होती ती, पण त्या क्षणी अशी ताठ उभी राहिली की मेनूवाल्याला लग्नाआधीची तिची आठवण झाली. ती कॅमेरा वरखाली, आजूबाजूला फिरवत गेली, तो बोलत गेला, ती हुकूम सोडत गेली. उजवीकडचे साहेब, पुढे या. मागे दोघं लपलेत, त्यांनी डोकी वर काढा. खाली कोण बसलंय, हनुवटी वर. शिक्षक मुलांसारखे ऐकायला लागले. आकडा चुकला नाही, जागा चुकली नाही, जास्तीचं कोणी मोजलं गेलं नाही. फोटो पाहून मुख्याध्यापिका पहिल्यांदा हसल्या.

"काम तुमचं," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून या."

धाकटीने बहिणीला मिठी मारली, भावोजींची पाठ थोपटली आणि पाहुण्यांना पोचवायला रस्त्यापर्यंत गेली. काचेचा दरवाजा मिटला. स्टुडिओत दोघंच उरली. दिवे अजून चालू होते.

बायकोच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "तुमच्यामुळे झालं," ती म्हणाली. "खरंच. बसा तिथे. आज पहिला फोटो तुमचा."

"माझं थोबाड कशाला?" असं म्हणत तो स्टुलावर बसलासुद्धा. त्याने केस सारखे केले.

७

तिने कॅमेरा रोखला.

"कोणी नाही."

"अहो, बसा ना."

"बसलोय की."

तिने अंदाजाने कॅमेरा थोडा वर घेतला. "कोणी नाही." थोडा खाली. "कोणी नाही."

त्याच्या डोक्यात चक्रं झटकन फिरली. दुर्लक्ष करायचा चेहरा. त्या यादीत एकच चेहरा होता, आणि आता तो त्याचा होता. लगेच उत्तरही सुचलं: नोंद चुकली असणार, ती पुसायची, एका मिनिटाचं काम. "आण इकडे," तो म्हणाला. "किरकोळ चूक आहे."

ती त्याच्याकडे आली नाही. ती कॅमेरा हळूहळू वळवत होती. डावीकडे.

"एक," कॅमेरा म्हणाला. "डावीकडे. जवळ."

"अगंबाई, तिथे होय!" ती हसली. तिचा जीव भांड्यात पडला होता. "मला वाटलं स्टुलावर बसलात."

"अगं, स्टुलावरच आहे मी! इकडे बघ!"

तिचं हसू थांबलं. तिने सरळ त्याच्याकडे पाहिलं, म्हणजे तिला डागच दिसला असणार. "अहो," तिने विचारलं, "नक्की कुठे आहात तुम्ही?"

"इथे!" तो म्हणाला.

"जवळ," कोपऱ्यातून त्याचाच आवाज म्हणाला.

कॅमेऱ्यातून नाही. कॅमेऱ्याचा आवाज तिच्या हातातून यायचा. हा तिच्या पलीकडून आला. कोरडा, न घुमणारा, आणि तोंडाच्या उंचीवरून.

दोन आवाज, दोन्ही नवऱ्याचे, आणि त्यांच्या मधे ती. ती घाबरली होती, पण गोंधळली नाही. तिला शिकवलं होतं तसंच तिने केलं. कॅमेरा स्टुलाकडे रोखला आणि बटण दाबलं.

"कोणी नाही."

कोपऱ्याकडे रोखला.

"एक. मधे. जवळ."

तिने ठरवलं. स्टुलापासून पाय मागे घेत, नजर त्याच्याकडेच ठेवून, ती कोपऱ्याच्या दिशेने सरकू लागली.

तो उडी मारून उठला. बोलून काही होणार नव्हतं. तिला धरायचं, दाराबाहेर ओढायचं, बाकी मग बघू. त्याने झेप घेऊन तिचा दंड पकडला.

ती किंचाळली. अशी किंचाळी त्याने कधी ऐकली नव्हती, दुखण्याची नाही, किळसेची. तिने हात हिसडला, कॅमेऱ्याने त्याच्या तोंडावर सपकन मारलं आणि ती मागच्या मागे कोपऱ्यात घुसली, पडद्याला पाठ लावून.

"अहो, धरा मला!" ती ओरडली. "मला कोणीतरी हात लावला!"

ओठातून रक्त येत होतं. त्याने हाताने पुसलं आणि पाहिलं. पडदा सपाट होता, एकही चुणी नव्हती. तिच्या स्वेटरच्या खांद्यावरची लोकर मात्र हळूहळू दबत गेली, आधी एका जागी, मग आणखी चार जागी, कुणी हात टाकून जवळ घ्यावं तशी.

तिने डोळे मिटले आणि डोकं कलतं करून त्या रिकाम्या जागेवर टेकलं. डोकं तिथेच राहिलं.

"आता बरं वाटतंय," ती म्हणाली. "दाराला कडी लावा हो, धाकटी आत यायला नको. ते अजून आतच आहे."